लष्करी ट्रकच्या चाकांना रंग कोणता द्यावा

भंगारातून सोडवलेला शक्तिमान ट्रक असो की दुसऱ्या महायुद्धातल्या डॉजचा सांगाडा, पहिली चूक बहुतेक एकच होते. चाक खरवडायचं आणि तळाशी जो रंग दिसेल तो 'मूळ' समजून डबा आणायचा. पण चाकं गाडीबरोबर जन्मभर राहत नाहीत. वर्कशॉपमध्ये ती अदलाबदल होतात, स्टेपनी भलत्याच गाडीची निघते, आणि लिलावातून दोन-तीन हात फिरलेल्या ट्रकला तर पाचही चाकं पाच घरची असू शकतात. म्हणून रंग आधी बॉडीवर शोधा. चाकांवर जे सापडेल ते त्याच्याशी ताडून बघा.

बॉडीवर जुना रंग टिकतो तो ऊन-पाऊस न पोचणाऱ्या जागी: डॅशबोर्डच्या मागे, सीटखालच्या पत्र्यावर, चॅसी आणि मडगार्ड जिथे बोल्टने आवळलेले असतात त्या पट्टीत. चाकावर बघायचं झालं तर नटाखाली, ब्रेक ड्रमला टेकणाऱ्या मागच्या बाजूला आणि लॉक रिंगच्या (टायर रिमवर धरून ठेवणाऱ्या कडीच्या) खाचेत बघा. नाण्याएवढी जागा घ्या. ४०० नंबरचा वॉटर पेपर पाण्यात भिजवून मधोमध पत्रा दिसेपर्यंत घासा, मग ८०० आणि १२०० ने कडा मऊ करत बाहेर या. झाडाच्या खोडासारखी वलयं दिसतात आणि कोणता रंग कोणावर चढला ते कळतं. तांबूस वलय दिसलं तर ते बहुधा रेड ऑक्साइड प्रायमर, रंग नव्हे. घासायचं ते ओलंच. जुन्या रंगात शिसं असतं, कोरडी धूळ छातीत जाते.

रंग ओळखायचा तो दिवसा, सावलीत, जागा ओली करून. ट्यूबलाइटखाली हिरवट-तपकिरी छटा साफ फसवतात आणि मोबाइलच्या फोटोवरून तर रंग कधीच ठरवू नये.

आता कोणत्या गाडीला काय शोभतं. महायुद्धातले अमेरिकन ट्रक, म्हणजे जीएमसी आणि डॉज, कारखान्यातून मॅट ऑलिव्ह ड्रॅबमध्ये निघत, चाकांसकट. ब्रिटिश गाड्यांचा रंग मात्र सालाप्रमाणे बदलतो: युद्धाच्या सुरुवातीला खाकी ग्रीन, मधल्या वर्षांत एससीसी २ (एससीसी म्हणजे स्टँडर्ड कॅमोफ्लाज कलर) हा तपकिरी, १९४४ पासून एससीसी १५ हा ऑलिव्ह ड्रॅब, आणि युद्धानंतर चकचकीत डीप ब्रॉन्झ ग्रीन. यातल्या शेवटच्याचा ब्रिटिश स्टँडर्ड ३८१सी या रंगयादीतला क्रमांक २२४. जबलपूरला १९५९ पासून बनू लागलेला शक्तिमान ऑलिव्ह ग्रीनचा. भारतीय मानक आयएस ५ मध्ये ऑलिव्ह ग्रीनचा क्रमांक २२० आहे. तरी नुसत्या क्रमांकावर डबा घेऊ नका. वेगवेगळ्या कंपन्यांचा २२० शेजारी-शेजारी ठेवला तर फरक डोळ्यांना दिसतो.

या सगळ्यात एक गोष्ट कायम: चाक बॉडीच्याच रंगाचं. चंदेरी रिम आणि पांढरा पट्टा लग्नाच्या जीपला ठीक. शंका असेल तिथे वेगळा रंग शोधत बसू नका, बॉडीचाच द्या.

याला अपवाद एक, आणि तो शोभेचा नाही. दोन भाग बोल्टने जोडलेल्या रिमवर, म्हणजे स्प्लिट रिमवर, ते दोन भाग धरणारे नट ब्रिटिश पद्धतीत लाल रंगवत. टायरमध्ये हवा असताना हे नट सोडले तर रिम फुटून उडते, माणूस जागीच जातो. चाक हबला धरणारे नट वेगळे, ते लाल नाहीत. तुमच्या गाडीला अशी रिम असेल तर लाल नट परत लाल करा, आणि पंक्चरवाल्याला आधी वाल्व्हची पिन काढून हवा पूर्ण सोडायला सांगा.

डबा उघडण्याआधी कायद्याचं बघा. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम १२१ प्रमाणे संरक्षण खात्याच्या गाड्या सोडून कोणत्याही मोटार वाहनाला ऑलिव्ह ग्रीन रंग देता येत नाही. म्हणजे रस्त्यावर काढायच्या खाजगी ट्रकला हा रंग चालणार नाही, मग तो इतिहासाला कितीही धरून असो. बॉडीचा रंग आरसीवर नोंदलेला असतो. तो बदलायचा तर आधी मुंबईत ताडदेव, अंधेरी, वडाळा किंवा बोरिवली, जिथे गाडी नोंदलेली असेल त्या आरटीओत विचारून या आणि नोंद करून घ्या. एससीसी २ चा तपकिरी किंवा हवाई दलाचा निळसर करडा ही सैन्याच्याच इतिहासातली पर्यायी वाट आहे, फक्त तो रंग तुमच्या मॉडेलला खरंच लागत होता का ते तपासा.

छटा ठरली की चमक ठरवा. इथेच जास्त गाड्या बिघडतात. युद्धकाळच्या गाडीला मॅट हवा, डीप ब्रॉन्झ ग्रीनला ग्लॉस. मॅट रंग ब्रेकची धूळ आणि हाताचे डाग धरून ठेवतो आणि ओलही जास्त पितो, म्हणून त्याखाली इपॉक्सी प्रायमर अत्यावश्यक. रंगवाल्याकडे बॉडीचा चांगला टिकलेला तुकडा घेऊन जा, त्याचा रंग मशीनवर वाचून घ्या आणि बॉडी-चाकं मिळून एकदाच, एकाच डब्यात रंग बनवून घ्या. दोनदा बनवलेला मॅट रंग क्वचितच जुळतो. मॅटिंग पावडर तळाशी बसते, म्हणून स्प्रे गनमध्ये ओतताना दरवेळी ढवळा. नाहीतर एक चाक मॅट, दुसरं अर्धं चकचकीत.

पावडर कोटिंगचा मोह मुंबईत सहज होतो, कारण साकीनाका ते वसईपर्यंत भट्ट्या आहेत. पण तिचा थर ६० ते १०० मायक्रॉन जाड असतो. तो नटाच्या बैठकीवर आणि ड्रमला टेकणाऱ्या पृष्ठभागावर राहिला की दाबाखाली हळूहळू दबतो, आणि घट्ट केलेला नट आपोआप सैल पडतो. पावडर करायचीच असेल तर या जागा झाकून घ्या. साध्या रंगालाही हाच नियम: बैठकीवर प्रायमरचा एक पातळ हात, बस. ड्रमला हा रंग नको. घाटात ड्रम पीयू (पॉलियुरेथेन) रंगाच्या सोसण्यापलीकडे तापतो. त्याला उष्णता सोसणारा सिलिकॉनचा मॅट काळा द्या.

तयारीत ब्लास्टिंग (हवेच्या दाबाने कणांचा मारा करून जुना रंग-गंज काढणं) करून घ्या, पण वाळू नको, कॉपर स्लॅग किंवा गार्नेट. नंतर नटाच्या भोकांभोवती भिंगाने तडे बघा. तडा लांबीने (पुट्टीने) भरायचा नाही, ते चाक बाद. ब्लास्ट झालेला पत्रा समुद्राच्या हवेत काही तासांतच तांबडा पडतो, म्हणून त्याच दिवशी, शक्यतो चार तासांत, इपॉक्सी प्रायमर मारा. जुन्या रेड ऑक्साइडवर टू-के (हार्डनर मिसळून लावायचा) पीयू मारला तर थिनर खालचा थर उचलतो आणि सुरकुत्या पडतात. तो पूर्ण काढावाच लागतो.

२० इंची पाच चाकांचं दोन्ही बाजू धरून क्षेत्रफळ अंदाजे ६ चौरस मीटर भरतं. गनमध्ये वाया जाणारं धरून प्रायमर सव्वा लिटर आणि रंग दीड लिटर, दोन हातांसाठी. हार्डनर डब्यावर लिहिलेल्या प्रमाणातच घाला. अंदाजाने 'थोडा जास्त' घातला की मॅटमध्ये चमक येते. पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, कापडी मास्क त्याला पुरत नाही. फवारताना बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा (एअर-फेड) मास्क घाला. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला त्याची चौकशी करा.

जून ते सप्टेंबर उघड्यावर गन धरूच नका. दमट हवेत हार्डनर ओलाव्याशी वायू तयार करतो, मग टाचणीएवढे फोड. आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असेल किंवा पत्रा दवबिंदूपेक्षा तीन अंश तरी गरम नसेल तर थांबा. डिसेंबर-जानेवारी उत्तम, पण सकाळी पत्र्यावर दव असतं, अकराच्या आधी सुरुवात नको.

टायर चढवायला सात दिवस थांबा. कच्च्या रंगाला टायरची कड चिकटते आणि पुढच्या पंक्चरला रंगासकट निघते. ट्यूब आणि फ्लॅपला (ट्यूब नि रिममधल्या रबरी पट्टीला) फ्रेंच चॉक, म्हणजे टाल्कची भुकटी, लावा. काही जुन्या अमेरिकन गाड्यांना डाव्या बाजूचे नट उलट्या आट्याचे असतात, पान्यावर जोर लावण्याआधी ते बघून घ्या. नट मॅन्युअलमधल्या आकड्याला आवळा, बैठकीभोवती उघडा राहिलेला पत्रा ब्रशने झाका, ५० किलोमीटरनंतर एकदा आणि १०० नंतर पुन्हा आवळा. त्याच डब्यातला पाव लिटर रंग हार्डनर न घालता घट्ट बंद करून ठेवा. टायरमधल्या हवेचा आकडा स्टेन्सिलने पांढऱ्यात लिहायचा असेल तर तो मडगार्डवर, चाकावर नाही.