अंटार्क्टिकातल्या तळ्याचा गाळ हातात आला, आता पुढे काय करायचं

प्रोजेक्टसाठी ध्रुवावरच्या तळ्याचा गाळ मिळाला की बहुतेक पोरं आधी विचारतात की यात मोजायचं काय. माझ्या मते तो दुसरा प्रश्न झाला. पहिला प्रश्न हा की हे तळं कसलं आहे आणि त्यात माल येतो कुठून, खडकातून, शेवाळातून, समुद्रातून की पक्ष्यांकडून. हे कळलं नाही तर मशीन कितीही महागडं असू दे, आकडे नुसते कागदावर पडून राहतात.

आपल्याकडे हा गाळ बहुतेक वेळा दोन ठिकाणांहून येतो. एक शिर्माकर ओएसिस, जिथे १९८९ पासून आपलं मैत्री स्टेशन आहे, आणि दुसरं लार्समन हिल्स, जिथे २०१२ मध्ये भारती सुरू झालं. मोहिमा गोव्यात वास्कोला असलेल्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रामार्फत जातात. शिर्माकर म्हणजे जेमतेम ३५ चौरस किलोमीटरचा उघडा खडक, पण त्यात शंभरहून जास्त तळी, आणि सगळी सारखी नाहीत. काही थेट हिमनदीला चिकटलेली, त्यांच्यात वितळलेल्या पाण्याबरोबर दगडाचं बारीक पीठ येत राहतं, काही खडकांच्या मधे अडकलेली, तिथे तळाशी शेवाळाची जाड चटई असते, आणि उत्तरेला समुद्रावर तरंगणाऱ्या बर्फाच्या कडेची वेगळीच. म्हणून गाळ कुठल्या तळ्यातला, किती खोलीवरून, पाणी कुठून आत येतं, कुठून बाहेर जातं हे आधी वहीत लिहा. तिथून गाळ काढायला परवानगी लागते, २०२२ च्या भारतीय अंटार्क्टिक कायद्यात ते आहे, त्यामुळे जे मिळालंय ते पुन्हा सहज मिळणार नाही असं समजूनच हात लावा.

कोअर, म्हणजे तळाशी नळी खुपसून काढलेला गाळाचा उभा दांडा, उघडायच्या आधी वर-खाली दाखवणारा बाण आहे का बघा. आमच्याकडे एकदा एका नळीवर बाणच नव्हता, आणि वरचं टोक कुठलं हे ठरवण्यातच आठवडा गेला, शेवटी एका टोकाला ओली हिरवट शेवाळाची चटई सापडली म्हणून सुटलो. नळी उभी कापली की आधी फोटो, पट्टी शेजारी ठेवून, कारण काळे थर हवा लागली की थोड्या वेळात तपकिरी होतात आणि मग तो रंग परत दिसत नाही. सडक्या अंड्याचा वास आला तर तेही लिहा, तो हायड्रोजन सल्फाइड, म्हणजे तळाशी ऑक्सिजन नव्हता. मग अर्धा किंवा एक सेंटिमीटरचे काप करायचे, प्लास्टिकच्या पट्टीने, स्टीलने नाही, नाहीतर पुढे क्रोमियम-निकेल वाढलेलं दिसेल आणि तुम्ही त्याची गोष्ट रचत बसाल. नळीला घासून आलेली बाहेरची कड प्रत्येक कापाची काढून टाका, कारण नळी आत ढकलताना वरचा गाळ भिंतीला लागून खाली ओढला जातो. सुकवायला फ्रीझ ड्रायर असेल तर उत्तम, मग अगेटच्या खलात दळा.

सगळ्यात स्वस्त टेस्ट जाळून बघायची. १०५ अंशांवर सुकवलेला नमुना क्रुसिबलमध्ये वजन करा, मफल फर्नेसमध्ये ५५० अंशांवर ४ तास ठेवा, डेसिकेटरमध्ये गार करा, पुन्हा वजन करा. समजा २.००० ग्रॅमचे १.८८० झाले, म्हणजे ०.१२० ग्रॅम उडालं, ६ टक्के. हा साधारण सेंद्रिय पदार्थ. साधारण म्हणते कारण गाळात चिकणमाती जास्त असेल तर तिच्यात बांधलेलं पाणीही याच तापमानाला निघतं आणि आकडा फुगतो. ध्रुवावरच्या गाळात मुळात सेंद्रिय पदार्थ कमी, त्यामुळे ही चूक इथे जास्त बोचते.

पुढे कार्बन आणि नायट्रोजन. आधी पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिडने कार्बोनेट काढून टाका, फेस यायचा थांबेपर्यंत, मग नीट धुवा, मग ॲनालायझरला द्या. सी/एन रेशो पाण्यातल्या शेवाळाचा साधारण ४ ते १० आणि जमिनीवरच्या झाडांचा २० च्या वर असतो हे पुस्तकात सगळीकडे आहे, पण अंटार्क्टिकात झाडंच नाहीत हो, तिथे आहे शेवाळ, मॉस, लायकेन, त्यामुळे हा नियम जसाच्या तसा लावू नका, मध्यम आकडा आला तर मॉसचा विचार करा. अजून एक, वजनाचा रेशो आणि अणूंचा रेशो वेगळा असतो. कार्बन ३.० टक्के आणि नायट्रोजन ०.४ टक्के असेल तर वजनाने ७.५, पण अणूंच्या हिशोबात १.१६७ ने गुणून ८.७५, आणि तुलना करताना समोरच्याने कुठला दिलाय हे न बघताच लोक ग्राफ काढतात. कार्बन फारच कमी असेल तर मातीला चिकटलेला अमोनियम नायट्रोजन वाढवून दाखवतो. कार्बन आडव्या अक्षावर आणि नायट्रोजन उभ्यावर घेऊन रेघ काढा, ती शून्याच्या वर कापली तर तेवढा नायट्रोजन मातीचा.

मग एक्सआरएफ, म्हणजे क्ष-किरण टाकून मूलद्रव्यं मोजायची, सिलिकॉन, ॲल्युमिनियम, टायटॅनियम, लोह वगैरे. इथे सगळ्यात मोठा सापळा टक्केवारीचा आहे. डाळीत पाणी वाढवलं की मीठ तेवढंच असून चव कमी लागते, तसंच शेवाळ वाढलं की सगळ्या धातूंची टक्केवारी आपोआप उतरते, खडकातून येणारा माल कमी झालेला नसतानाही. म्हणून भागाकार करायचा, टायटॅनियमने किंवा ॲल्युमिनियमने, कारण हे दोन्ही खडकातूनच येतात आणि सहज विरघळत नाहीत. याचं सुंदर उदाहरण आर्क्टिकमधलं आहे. रशियाच्या चुकोत्का भागात एल्गिगितगिन नावाचं तळं आहे, ३६ लाख वर्षांपूर्वी उल्का पडून झालेल्या खड्ड्यात, २००९ मध्ये तिथे ड्रिलिंग झालं. त्या गाळात सिलिकॉन/टायटॅनियम रेशो वर गेला की डायटम (सिलिकाचं कवच असलेलं सूक्ष्म शेवाळ) जास्त, म्हणजे उन्हाळ्यात बर्फ हटलेला, ऊन आत पोचलेलं. गारठ्याच्या काळात वर्षभर बर्फाचं झाकण, खाली ऑक्सिजन संपलेला, चुंबकीय लोहखनिजंसुद्धा विरघळून गेलेली, म्हणून चुंबकीय मोजणीही खाली. दोन वेगळ्या टेस्ट एकच सांगतायत, असं जुळलं की मला विश्वास बसतो, एकट्या रेशोवर नाही. डायटमचं सिलिका वेगळं मोजायचं असेल तर सोडियम कार्बोनेटच्या द्रावणात ८५ अंशांवर ५ तास ठेवून काढतात, खडकाचं सिलिका त्यात फारसं विरघळत नाही.

खडक किती झिजला हे बघायला सीआयए, म्हणजे रासायनिक झिजेचा निर्देशांक, काढतात, ॲल्युमिनाला ॲल्युमिना, कॅल्शियम, सोडियम आणि पोटॅशियमच्या ऑक्साइडच्या बेरजेने भागून १०० ने गुणायचं, आणि सगळं मोलमध्ये, म्हणजे रेणूंच्या संख्येत, वजनाच्या टक्क्यांत नाही. ताजा ग्रॅनाइट ५० च्या आसपास, आपल्या कोकणातला जांभा नव्वदीच्या पुढे. थंड कोरड्या अंटार्क्टिकात रासायनिक झीज मंद, त्यामुळे तुमचे आकडे पन्नाशीच्या जवळच घुटमळतील, दोन-तीन अंकांचा चढउतार आला तर आधी कणांचा आकार बदललाय का बघा, मग हवामानाकडे जा. कार्बोनेट आणि अपॅटाइट (फॉस्फरसवालं खनिज) यांच्यातलं कॅल्शियम वजा करायला विसरू नका.

अपॅटाइटवरून आठवलं, पक्षी. २००० साली लिगुआंग सुन आणि सहकाऱ्यांनी किंग जॉर्ज बेटाजवळच्या आर्डली बेटावरच्या तळ्यात फॉस्फरस, तांबं, जस्त, स्ट्रॉन्शियम, फ्लोरिन असे घटक एकत्र चढतात-उतरतात हे बघितलं, ती पेंग्विनच्या विष्ठेची खूण, त्यावरून ३००० वर्षांची पेंग्विनची संख्या मांडली. २०१७ मध्ये दुसऱ्या गटाने त्याच बेटावर आणखी मागे जाऊन दाखवलं की डिसेप्शन बेटावरच्या मोठ्या ज्वालामुखी उद्रेकांनंतर ती वसाहत अनेकदा कोसळली. म्हणजे फॉस्फरस घसरला म्हणून लगेच गारठा आला असं लिहिता येत नाही, राखेचा थर शोधावा लागतो. लार्समनसारख्या किनाऱ्याजवळच्या तळ्यात अजून एक वळण असतं, बर्फाचं ओझं गेलं की जमीन वर उचलली जाते आणि समुद्राचा तुकडा तुटून गोडं तळं होतं, तिथे सल्फर आणि ब्रोमीन जिथे एकदम पडतं तो थर काळजीने बघा, डायटमच्या जातीही तिथेच बदलतात.

वय सगळ्यात अवघड. कार्बन-१४ चं अर्धआयुष्य ५७३० वर्षं, पण हिमनदीचं जुनं पाणी आणि बर्फाचं झाकण यामुळे तळ्यातला कार्बन हवेशी नीट मिसळत नाही, मग आज जिवंत असलेलं शेवाळही जुनं वय दाखवू शकतं. म्हणून सगळ्यात वरच्या कापाचं किंवा जिवंत शेवाळाचं वय काढाच, पैसे वाचवायला ते टाळू नका. गेल्या शंभरेक वर्षांसाठी लेड-२१० (किरणोत्सर्गी शिसं) वापरतात, आणि सीझियम-१३७ असलं तर अणुचाचण्यांचा १९६३ च्या सुमाराचा उंचवटा मिळतो, पण ध्रुवावर तो फार पुसट असतो. समजा १५० सेंटिमीटरच्या तळाशी ९००० वर्षं आली, तर सरासरी एका सेंटिमीटरमध्ये ६० वर्षं, मग एका कापावरून ‘१० वर्षांचा दुष्काळ’ वगैरे लिहू नका.

प्रत्येक बॅचमध्ये एक ब्लँक (नमुना न घालता केलेली मोजणी), एक स्टँडर्ड (ज्याचे आकडे आधीच माहीत आहेत असा नमुना) आणि दर दहा नमुन्यांमागे एक डुप्लिकेट (तोच नमुना पुन्हा) घाला. आणि उभ्या कापलेल्या कोअरचा एक अर्धा भाग काप न करता ४ अंशांवर ठेवून द्या, नीट गुंडाळून, तळ्याचं नाव, तारीख, खोली, वरच्या टोकाचा बाण, सगळं पाण्याने न पुसणाऱ्या पेनने, नळीवर आणि पिशवीवर दोन्हीकडे.