बॅकअप ‘चालू आहे’ म्हणून गाफील राहू नका : या चुका टाळा

“बॅकअप चालू आहे की! दोन वर्षं झाली, एकदाही कुरकूर नाही त्याची.” सांगलीतल्या एका छापखान्याचे मालक मला हे सांगत होते तेव्हा त्यांच्या सीपीयूतली हार्ड डिस्क टकटक वाजत होती आणि डी ड्राइव्ह दिसायचा बंद झाला होता. एक्स्टर्नल डिस्क लावून पाहिली. बॅकअप खरंच होता, दर तासाचा. त्यात नातीच्या बारशाचे फोटो, कुणाचा तरी बायोडेटा आणि वीजबिलांच्या पीडीएफ होत्या. लग्नपत्रिका, बिलबुकं, दिवाळी अंकाची पानं यांतलं काहीच नव्हतं. सगळा धंदा डी ड्राइव्हवर ‘काम’ नावाच्या फोल्डरमध्ये होता आणि ‘फाइल हिस्टरी’ या विंडोजमधल्या बॅकअपच्या साधनाला त्या फोल्डरचा पत्ता कुणी दिलाच नव्हता.

कॉम्प्युटरसोबत फुकट येणारं बॅकअप सॉफ्टवेअर बेभरवशाचं, ते काढा आणि दुसरं टाका, असं सरसकट सांगणारे भेटतात. कॉम्प्युटर दुरुस्तीची कामं करताना मला तसं दिसत नाही. हे सॉफ्टवेअर सांगितलेलं काम बहुतेक वेळा करतं. मात्र आपण त्याला नेमकं काय सांगितलंय हे मालकाला माहीत नसतं आणि काही राहून गेलं तर ते बोंब मारत नाही.

चार वेगळ्या गोष्टींना एकच बॅकअप समजणे

विंडोजमध्ये निदान चार गोष्टींना लोक ‘बॅकअप’ म्हणतात. फाइल हिस्टरी तुमच्या फायलींच्या जुन्या-नव्या प्रती ठेवते. कंट्रोल पॅनेलमधलं ‘बॅकअप अँड रिस्टोअर (विंडोज ७)’ अख्ख्या डिस्कची इमेज, म्हणजे विंडोजसकट हुबेहूब प्रत, घेऊ शकतं. २०२३ मध्ये आलेलं ‘विंडोज बॅकअप’ हे ॲप काही फोल्डर वनड्राइव्हवर (मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर) पाठवतं, सेटिंग लक्षात ठेवतं आणि ॲपची नुसती यादी जपतं; नव्या मशीनवर तुमचं अकाउंटिंगचं सॉफ्टवेअर त्यातून आपोआप उभं राहत नाही. चौथी गोष्ट सिस्टीम रिस्टोअर. ती विंडोजच्या फायली आणि सेटिंग मागे नेते. चुकून पुसलेली एक्सेलची शीट त्यातून परत मागणारे दर महिन्याला एक तरी येतात.

फाइल हिस्टरी : यादी एकदाही न पाहणे

फाइल हिस्टरी विंडोज ८ सोबत, २०१२ मध्ये आली. ती आपण होऊन सुरू होत नाही, चालू करावी लागते. चालू केली की डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, म्युझिक, व्हिडिओज, डेस्कटॉप असे ठरावीक फोल्डर दर तासाला तपासते आणि बदललेल्या फायलींची प्रत काढते. आपल्याकडे मात्र दुकानदाराने पहिल्याच दिवशी सांगितलेलं असतं, “सी मध्ये काही ठेवू नका, फॉरमॅट मारला की जातं.” लोक इमानाने सगळं डी किंवा ई ड्राइव्हवर ठेवतात आणि नेमकं तेच बॅकअपच्या कक्षेबाहेर राहतं. टॅलीचा डेटा फोल्डरही डॉक्युमेंट्समध्ये नसतो.

विंडोज १० मध्ये सेटिंगमधून हवा तो फोल्डर जोडता यायचा. विंडोज ११ मध्ये ती सोय गेली, फाइल हिस्टरी फक्त कंट्रोल पॅनेलमध्ये उरली. तिथे वळसा घ्यावा लागतो : हव्या त्या फोल्डरवर राइट क्लिक करा, ‘शो मोअर ऑप्शन्स’ उघडा आणि ‘इन्क्लूड इन लायब्ररी’ निवडा. लायब्ररीत गेलेला फोल्डर फाइल हिस्टरी उचलते.

फोल्डर जोडूनही काही फायली राहतात. फाइल हिस्टरी प्रत ठेवताना नावाच्या शेवटी कंसात तारीख आणि वेळ चिकटवते, म्हणजे नाव आणखी लांबतं. विंडोजची जुनी मर्यादा अशी की फायलीचा पूर्ण मार्ग साधारण २६० अक्षरांत बसला पाहिजे. ‘श्री गणेश मंडळ अहवाल अंतिम नवीन खरा अंतिम’ अशी नावं सहा फोल्डरच्या आत ठेवायची आपली सवय, त्यामुळे ही मर्यादा सहज ओलांडली जाते. मग ती फाइल वगळली जाते आणि स्क्रीनवर काही येत नाही. नोंद मात्र होते : फाइल हिस्टरीच्या ‘ॲडव्हान्स्ड सेटिंग्ज’मध्ये खाली इव्हेंट लॉग उघडायची लिंक आहे. मार्ग फार लांब असल्याने किंवा न चालणारं अक्षर असल्याने अमुक फाइल घेतली नाही, असं तिथे फायलीच्या नावासकट लिहिलेलं असतं. हा लॉग उघडलेला माणूस मला अजून भेटायचाय. नावं आखूड करा, फोल्डरांची उतरंड कमी करा, फाइल पुढच्या फेरीत येते.

आणखी एक गोंधळ वेळेचा. चिकटवलेली वेळ भारताची नसते, यूटीसी ही जागतिक प्रमाणवेळ असते, म्हणजे साडेपाच तास मागे. संध्याकाळी ६ वाजता घेतलेल्या प्रतीवर १२.३० दिसतं. एका हिशेबनिसाने याच घोळात ‘दुपारची जुनी’ समजून ताजी प्रत पुसली होती.

एका गोष्टीसाठी मात्र मी फाइल हिस्टरीला मानतो. तिच्या प्रती साध्या फायली म्हणूनच पडलेल्या असतात. रिस्टोअरची खिडकी उघडली नाही तरी एक्स्टर्नल डिस्कवरच्या ‘फाइलहिस्टरी’ फोल्डरमध्ये युजरचं नाव, कॉम्प्युटरचं नाव, मग ‘डेटा’ असं आत जा आणि हवी ती फाइल सरळ कॉपी करा. कुठल्याही दुसऱ्या विंडोजवर हे चालतं.

सिस्टीम इमेजवर डोळे झाकून विसंबणे

विंडोज ७ च्या नावाचं इमेजचं साधन विंडोज ११ मध्येही दिसतं, म्हणून लोक ते वापरतात. पण सिस्टीम इमेज बॅकअप यापुढे वाढवणार नाही, हे मायक्रोसॉफ्टने २०१७ मध्येच जाहीर केलंय आणि अख्ख्या डिस्कच्या बॅकअपसाठी इतर कंपन्यांचं सॉफ्टवेअर घ्या, असा सल्लाही दिलाय. बनवणाराच असं सांगत असेल तर आपण त्यावर धंदा टांगू नये.

त्याच्या नेहमीच्या अडचणी सांगतो. एरर कोडच्या शेवटी ८०७८०११९ दिसलं तर तो म्हणतो जागा पुरत नाही, आणि आपण एक्स्टर्नल डिस्क रिकामी करत बसतो. जागा तिथे कमी नसते. कॉम्प्युटरच्या आतल्या, न दिसणाऱ्या छोट्या पार्टिशनमध्ये (डिस्कच्या वेगळ्या केलेल्या भागात) ती कमी असते : ५०० एमबीपेक्षा लहान पार्टिशनमध्ये निदान ५० एमबी आणि त्याहून मोठ्यात ३२० एमबी मोकळी लागते. त्या पार्टिशनशी खेळण्यापेक्षा मी सॉफ्टवेअर बदलतो.

कोडच्या शेवटी ८००७०४५डी किंवा ८००७००१७ असेल तर सॉफ्टवेअरला दोष देऊ नका. पहिला डिस्कशी लिहिणं-वाचणं जमत नसल्याचा, दुसरा वाचलेला डेटा जुळत नसल्याचा. आधी केबल बदला, सीपीयूच्या पुढच्या पोर्टऐवजी मागच्या पोर्टला जोडा. तरीही तोच एरर आला तर क्रिस्टलडिस्कइन्फो या सॉफ्टवेअरने डिस्कची तब्येत पाहा. ‘पेंडिंग सेक्टर’, म्हणजे नीट वाचता न येणारे भाग, वाढत असतील तर इमेजचा नाद सोडा आणि महत्त्वाचे फोल्डर आधी हाताने उचला.

इमेज ज्या फोल्डरमध्ये बसते त्याचं नाव ‘विंडोजइमेजबॅकअप’ असतं आणि तो डिस्कच्या अगदी वरच्या पातळीवर लागतो. नीटनेटकेपणाच्या हौसेने कुणी त्याला ‘ऑफिस बॅकअप मार्च’ असं नाव दिलं किंवा दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवला की रिस्टोअर म्हणतं, इमेज सापडत नाही. नाव आणि जागा पूर्ववत केली की सापडते.

सगळ्यात जास्त फटका बसतो तो डिस्क बदलताना. आपल्याकडे १ टीबीची जुनी हार्ड डिस्क काढून २५६ जीबीची एसएसडी टाकणं हा सर्रास उद्योग आहे. डेटा ८० जीबीच असला तरी हे साधन मोठ्या डिस्कची इमेज लहान डिस्कवर उतरवत नाही. अशा वेळी इमेजमधली व्हीएचडीएक्स फाइल (डिस्कची प्रत हिच्यातच असते) ‘डिस्क मॅनेजमेंट’मधून ‘रीड ओन्ली’ अशी खूण करून जोडा. ती ड्राइव्हसारखी उघडते आणि फायली तरी हाती लागतात. विंडोज नव्याने टाकावंच लागतं.

आणि हो, या इमेजच्या साधनाचं ठरलेलं वेळापत्रक रविवारी संध्याकाळी ७ चं असतं. शनिवारी मेन स्विच बंद करून जाणाऱ्या ऑफिसात हा बॅकअप कधी होणार?

सिंकला बॅकअप म्हणणे

वनड्राइव्हच्या सेटिंगमध्येच ‘बॅकअप’ हा शब्द असल्याने लोकांना दोष देता येत नाही. पण ते सिंक आहे, म्हणजे दोन्हीकडच्या फायली सारख्या ठेवणं. इथे पुसलं की तिथेही पुसलं जातं. वैयक्तिक खात्याच्या रिसायकल बिनमध्ये फाइल ३० दिवस राहते, पुढे नाही. फुकटची जागा ५ जीबी. ती भरली की नवीन फायली वर जायच्या थांबतात.

“वनड्राइव्ह बंद केलं आणि डॉक्युमेंट्स रिकामं झालं” हा फोनही नेहमीचा. घाबरू नका. फायली बहुधा युजरच्या फोल्डरमधल्या ‘वनड्राइव्ह’ फोल्डरात असतात. तिथून उचलून परत आणा. ढगाचं चिन्ह असलेल्या फायली मात्र तुमच्या डिस्कवर नसतातच, नुसती पाटी असते. अशा मशीनची इमेज घेतली तर इमेजमध्येही पाट्याच जातात.

मॅकवाल्यांनो

मॅकसोबतच येणारं बॅकअपचं साधन टाइम मशीन २००७ पासून आहे आणि घरगुती वापरासाठी माझ्या मते यातलं सगळ्यात बरं. २४ तासांच्या तासागणिक, महिन्याभराच्या रोजच्या आणि त्यामागच्या आठवड्यागणिक प्रती ठेवतं. जागा संपली की सगळ्यात जुन्या काढतं. म्हणजे दोन वर्षांपूर्वी पुसलेली फाइल मिळेलच असं नाही. मॅकला बाहेरून लावलेल्या डिस्क ते सहसा वगळतं. व्हिडिओ एडिट करणारे इथेच फसतात. वगळण्याची यादी उघडून पाहा. वाय-फायवरून नॅसवर (नेटवर्कला जोडलेल्या डिस्कवर) घेतलेला बॅकअप कधीकधी ‘विश्वासार्हता सुधारण्यासाठी नवा बॅकअप बनवावा लागेल’ असं सौजन्याने सांगतो. त्याचा अर्थ जुना बॅकअप खराब झालाय. ‘ठीक आहे’ दाबण्याआधी जुन्यातलं काही लागणार असेल तर काढता येतं का पाहा. तारेने जोडलेल्या डिस्कवर हा त्रास कमी.

डिस्क तिथेच, त्याच खणात

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णेचं पाणी दुकानांत शिरलं तेव्हा सीपीयू टेबलाखाली होते आणि बॅकअपच्या डिस्का त्याच टेबलाच्या खालच्या खणात. दोन्ही एकाच गाळातून निघाले. एक प्रत दुसऱ्या घरात, वरच्या मजल्यावर किंवा क्लाउडवर हवी.

डिस्क कायम जोडून ठेवणं हीसुद्धा चूक. खंडणी मागणारा व्हायरस जोडलेली डिस्कही कुलूपबंद करतो. मे २०१७ मधल्या वॉनाक्रायने तर विंडोज स्वतःच डिस्कवर ठेवतं त्या जुन्या प्रती, शॅडो कॉपीही, पुसल्या होत्या. निदान दोन डिस्क आलटून पालटून लावा, एक नेहमी सुटी.

विंडोजच्या नव्या लॅपटॉपवर डिस्क बऱ्याचदा बिटलॉकर या विंडोजच्या कुलपाने आपोआप कुलूपबंद झालेली असते. ते उघडायची रिकव्हरी की ४८ आकडी असते; ती आजच कागदावर लिहा आणि तो कागद लॅपटॉपच्या बॅगेत ठेवू नका.

दुसरं काय वापरावं

मॅक्रियम रिफ्लेक्टची फुकटची आवृत्ती जुन्या लेखांत अजून सुचवलेली दिसते. तिचा पाठिंबा २०२४ उजाडताच संपला, ती टाकू नका. अख्ख्या मशीनसाठी वीम एजंटची मोफत आवृत्ती मी बसवतो. थोडी ऑफिशियल दिसते, पण वेळापत्रक पाळते. पेनड्राइव्हवरून चालू करून इमेज घ्यायची असेल तर रेस्क्यूझिला. क्लोनझिला तेच काम करतो पण त्याचा चेहरा पाहून नवखे पळतात. नुसते फोल्डर कॉपी करायला फ्रीफाइलसिंक. फ्रीफाइलसिंक किंवा विंडोजचं रोबोकॉपी ‘मिरर’ पद्धतीने (एक बाजू दुसरीसारखी हुबेहूब करून) चालवताना कुठून आणि कुठे हे दोनदा वाचा : दिशा उलटी झाली तर रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कला रिकामी करते. डुप्लिकाटी, रेस्टिक, कोपिया ही मंडळी डेटा तुकडे करून, कुलूप लावून ठेवतात. क्लाउडवर ठेवायला उत्तम, पण रेस्टिकचा पासवर्ड हरवला तर डेटाही गेला, कुणीही काढून देऊ शकत नाही.

यातलं काहीही निवडा, तपासणी एकाच पद्धतीने होते : फाइल परत आणून. महिन्यातून एकदा बॅकअपच्या डिस्कवरून कुठल्याही पाच फायली दुसऱ्या कॉम्प्युटरवर उतरवा आणि उघडून पाहा. इमेज घेत असाल तर रेस्क्यूच्या पेनड्राइव्हवरून मशीन चालू करा, त्याला एक्स्टर्नल डिस्क आणि तिच्यातली इमेज दिसते का एवढं पाहा आणि बाहेर या.

छापखान्याच्या मालकांची डिस्क शेवटी पुण्याला पाठवली, बरंचसं काम परत आलं. नव्या मशीनवर पत्रिका उघडल्या तर सगळा मजकूर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा काला! श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरचे जुने, युनिकोडपूर्व फॉन्ट टाकायचे राहिले होते, आणि फॉन्टचा फोल्डर फाइल हिस्टरी घेत नाही. जुनी सीडी माळ्यावर सापडली. आता ‘काम’ फोल्डरमध्येच ‘फॉन्ट’ नावाचा एक फोल्डर आहे, आणि दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी ते मुलाच्या लॅपटॉपवर उघडलेल्या एखाद्या जुन्या पत्रिकेचा फोटो मला व्हॉट्सॲपवर पाठवतात. गेल्या महिन्यात अक्षरं पुन्हा फुटलेली होती. मुलाने लॅपटॉप फॉरमॅट मारला होता.