कर्जाचे पैसे सहामाहीला येतात, मेसचं बिल दर महिन्याला

शैक्षणिक कर्जातली फी बँक थेट कॉलेजला देते. खोली-मेससाठी मंजूर झालेली रक्कम मात्र सहसा सत्राच्या सुरुवातीला मिळते, आणि खरी गडबड तिथेच होते. समजा ४८,००० हातात आले. ते वेगळ्या बचत खात्यात ठेवा आणि दर १ तारखेला रोजच्या खात्यात ८,००० वळते होतील अशी स्थायी सूचना बँकेला द्या. यूपीआय फक्त रोजच्या खात्याला जोडा. डिपॉझिट आणि मेसचा आगाऊ भरणा आधी बाजूला काढा, उरलेल्याला सहाने भागा.

मंजूर आहे म्हणून सगळी रक्कम उचलू नका. १०% सरळ व्याजाने पहिल्या वर्षी उचललेल्या १०,००० वर पाच वर्षांत ५,००० व्याज चढतं. शिकताना हप्ता नसला तरी बहुतेक कर्जांवर व्याज चालूच असतं! घरून जमलं तर तेवढं तरी दरमहा भरा, खूप हलकं वाटतं.

खोलीभाड्याच्या पावत्या जपा, बँक मागू शकते. आणि महाडीबीटीवर (राज्य सरकारचं शिष्यवृत्ती पोर्टल) पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्त्याला आपण पात्र आहोत का, हे कर्ज उचलण्याआधीच बघा.