नवा कॅम, फेस मारलेलं हेड: पिस्टन-व्हॉल्व्हमधली जागा कशी मोजावी

नवा कॅम टाकायला पोरं येतात तेव्हा हातात दोन वस्तू असतात: कुरिअरनं आलेला कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) आणि कुपवाड एमआयडीसीतून अर्धा मिलिमीटर फेस मारून, म्हणजे खालची बाजू तासून आणलेलं हेड. या दोन्हींमुळं पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांच्यातली जागा घटून ते एकमेकांना धडकू शकतात. ती जागा मोजायला तिसरी वस्तू लागते, ती कुणीच आणत नाही. ती म्हणजे शाळेच्या दुकानात मिळणारी रंगीत क्ले.

आरएक्स १००वाल्यांनी इथंच थांबलं तरी चालेल. टू-स्ट्रोकच्या हेडमध्ये व्हॉल्व्हच नसतात, तेव्हा पिस्टनला धडकणार काय? बाकीच्यांनी एक लक्षात ठेवायचं. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतले तपशील बदलतील असा फेरफार रस्त्यावरच्या गाडीत चालत नाही. पुढचं सगळं ट्रॅकच्या गाडीसाठी आहे.

आधी एक गैरसमज. कॅमची लिफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडण्याचं अंतर, २ मिमी वाढली म्हणजे जागा २ मिमी घटली, असा हिशेब बरेच जण मांडतात. व्हॉल्व्ह पूर्ण उघडलेला असतो तेव्हा पिस्टन बराच खाली गेलेला असतो, तिथं काही भीती नाही. धोका असतो एक्झॉस्टचा स्ट्रोक संपून इनटेकचा सुरू होतो त्या वेळी, कारण तेव्हा दोन्ही व्हॉल्व्ह थोडे थोडे उघडे असतात आणि पिस्टन अगदी वर असतो. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बंद व्हायला वर पळतोय आणि पिस्टन त्याच्या मागं लागलाय. टीडीसी, म्हणजे पिस्टनची सगळ्यात वरची जागा, ओलांडली की उलटं: पिस्टन खाली पळतो आणि इनटेक व्हॉल्व्ह त्याच्या मागं लागतो. म्हणून एक्झॉस्टची सगळ्यात कमी जागा साधारण टीडीसीच्या १० ते १५ अंश आधी सापडते आणि इनटेकची तेवढीच नंतर. नेमक्या टीडीसीला मोजून समाधान मानलं, तर मोजलं ते चुकीच्या जागी.

आता क्लेची पद्धत. सांगलीत गणपतीच्या आधी शाडू कुठंही मिळतो आणि कुणीतरी हमखास विचारतं, "शाडू चालेल का?" नाही. वाळतो, भेगा पडतात, आणि त्यातला एक कण बोअरमध्ये राहिला की रेघ ओढतो. कणीकही नको, दाबली की परत फुगते. तेलकट क्लेच घ्या.

हेड खोलून पिस्टनचा माथा पेट्रोलनं पुसून कोरडा करा. व्हॉल्व्हसाठी जिथं खड्डे आहेत तिथं ६-७ मिमी जाडीची क्लेची वडी दाबून चिकटवा आणि ती खड्ड्याच्या कडेबाहेरही थोडी येऊ द्या. व्हॉल्व्हच्या तोंडाला बोटानं तेल लावा, नाहीतर हेड उचलताना क्ले व्हॉल्व्हबरोबर वर येते आणि ठसा फाटतो. मग हेड बसवा. हेडखालचं पॅकिंग (गॅस्केट) आधी एकदा दाबलेलं, म्हणजे जुनं वापरा. पण त्याची दाबलेली जाडी नव्या पॅकिंगच्या दाबलेल्या जाडीइतकीच हवी. नट हातानं आवळून भागत नाही. टॉर्क पाना लावून पूर्ण आवळा, कारण सैल पॅकिंग आहे त्यापेक्षा जास्त जागा दाखवतं. टायमिंगच्या खुणा जुळवा. टॅपेटमध्ये, म्हणजे कॅमचा धक्का व्हॉल्व्हला पोचतो तिथं, या चाचणीपुरती फट ठेवू नका. फट असली की व्हॉल्व्ह तेवढा कमी उघडतो आणि आकडा उगाच चांगला दिसतो.

प्लग काढून मॅग्नेटच्या नटावर पाना लावा आणि इंजिन ज्या दिशेनं फिरतं त्याच दिशेनं क्रँकचे पूर्ण दोन फेरे सावकाश फिरवा. उलटं फिरवलं तर चेनची सैल बाजू बदलते आणि टायमिंग खोटं दिसतं. क्ले दबताना हाताला मऊ लागते. कडक काही लागलं तर तिथंच थांबा, जोर लावू नका.

हेड उचलल्यावर क्लेत दोन चंद्रकोरी दिसतील. ब्लेडला तेल लावून ठशाच्या मधोमध चीर द्या, अर्धी क्ले काढा आणि उभ्या कापावर सगळ्यात पातळ जागी व्हर्निअरनं जाडी मोजा. ती जागा बहुतेक वेळा ठशाच्या कडेला असते. इनटेकला २ मिमी आणि एक्झॉस्टला २.५ मिमी, हा इंजिन बांधणाऱ्यांचा सर्वसाधारण सुरक्षित अंदाज. कॅम बनवणाऱ्यानं वेगळा आकडा दिला असेल तर तोच पाळा. एक्झॉस्टला जास्त का? तो जास्त तापतो, लांबतो, आणि पिस्टन त्याच्या पाठीवर असतो. आरपीएम चढल्यावर स्प्रिंग कमी पडून व्हॉल्व्ह जरा रेंगाळला तर पहिला मार त्यालाच. खालची जागा मोजून झाली की बाजूचीही बघा: व्हॉल्व्हची कड आणि खड्ड्याची भिंत यांच्यात दीड मिमी तरी हवी. मोठे व्हॉल्व्ह टाकले असतील तर अडचण बहुतेक इथंच निघते.

क्लेनं एकच आकडा कळतो, तो कितव्या अंशाला आला हे कळत नाही. जागा काठावर असेल तर डायल गेज (बारीक अंतर सुईनं दाखवणारं यंत्र) काढायला हवा.

त्यासाठी क्रँकवर ३६० अंशांची चकती लावा आणि खरी टीडीसी शोधा. मॅग्नेटवरची खूण ढोबळ असते. जुन्या प्लगमधलं पोर्सेलिन फोडून त्यात बोल्ट बसवला की पिस्टन-स्टॉप तयार. कॅम बसवण्याआधी तो प्लगच्या भोकात लावा, पिस्टन हळूच टेकेपर्यंत क्रँक एकीकडे फिरवून अंश लिहा, मग दुसरीकडे. दोन्हींच्या बरोबर मध्ये टीडीसी. हे करताना टायमिंग चेन तारेनं वर ओढून धरा, नाहीतर खाली गरारीत गोळा होऊन अडकते. मग स्टॉप काढा, व्हॉल्व्हला मूळ स्प्रिंगांऐवजी हार्डवेअरच्या दुकानातल्या मऊ स्प्रिंगा लावा, कॅम बसवा आणि डायलची सुई स्प्रिंगच्या टोपीवर टेकवा. एक्झॉस्टसाठी टीडीसीच्या २० अंश आधीपासून टीडीसीपर्यंत, इनटेकसाठी टीडीसीपासून पुढं २० अंशांपर्यंत, दर दोन अंशांना थांबा. डायल शून्य करा, व्हॉल्व्ह बोटानं पिस्टनला टेकेपर्यंत दाबा, आकडा लिहा. वेळ जातो, पण कागदावर आकडे उतरत जाऊन पुन्हा चढू लागतात तेव्हा सगळ्यात कमी जागा कुठं आहे ते स्वच्छ दिसतं.

आणि दिसलं की तिच्याशी खेळता येतं. कॅम थोडा पुढं घेतला, म्हणजे व्हॉल्व्ह लवकर उघडतील असा बसवला, की इनटेकची जागा घटते आणि एक्झॉस्टची वाढते, मागं नेला की उलट. दोन्ही कमी असतील तर जाड पॅकिंग टाका. त्यानं कॉम्प्रेशन उतरतं, पण इंजिन वाचतं. किंवा पिस्टनवरचे खड्डे लेथवाल्याकडून खोल करून घ्या. मात्र आधी पिस्टनच्या माथ्याची जाडी खालून-वरून मोजा. खड्डा मारून माथा पातळ झाला तर पिस्टन गरम होऊन फुटतो. खड्ड्याच्या धारदार कडा बारीक पॉलिश पेपरनं मोडा, तिथंच नॉकिंग (इंधन अवेळी पेटून होणारी ठकठक) सुरू होतं. व्हॉल्व्ह सीटमध्ये खोल घासून जागा काढणारेही आहेत. हवेचा रस्ता बिघडवून कॅमचा फायदा घालवायचा असेल तर तेही करा.

मोजलेला आकडा त्या जुळणीचा असतो, सुट्या कॅमचा किंवा पिस्टनचा नव्हे. पॅकिंग बदललं, हेडला पुन्हा फेस मारला, चेन एक दात सरकली, की जुना कागद रद्दी. हे मी पैसे मोजून शिकलो. क्ले लावून झाली होती, आकडे छान होते, संध्याकाळी लाईट गेली आणि बॅटरीच्या उजेडात शेवटची जुळणी केली. चेन एक दात मागं बसली. कॅमच्या गरारीला ३४ दात असतील तर एक दात म्हणजे कॅमचे साडेदहा अंश आणि क्रँकचे तब्बल एकवीस. हातानं फिरवून बघायचा कंटाळा केला आणि सरळ किक मारली. टक्! दुसरी किक मारली तर पाय रिकामाच खाली गेला, अजिबात जोर नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह वाकून सीट सोडून बसला होता.

तेव्हापासून मूळ स्प्रिंगा, नवं पॅकिंग, चेन-टेन्शनर, टॅपेटची नेहमीची फट, सगळं जागेवर आल्यावर प्लग न लावता क्रँकचे दोन पूर्ण फेरे हातानं फिरवतो. खुणा पुन्हा जुळल्या, पाना कुठंही अडला नाही, मग प्लग, आणि मग किक.