बांडगूळ काढताना सीतेची वेणी जपा : मृगाच्या तोंडावरची कामे

रोहिणी नक्षत्र सरत आले की आंबा उतरलेला असतो आणि बागेत, बांधावर झाडांची साफसफाई निघते. वाळक्या फांद्या, बांडगुळे, वेलींची जाळी काढायला ही वेळ चांगली. पण सह्याद्रीच्या पट्ट्यात याच दिवसांत आंबा, जांभूळ, ऐन, हिरडा यांच्या जुन्या खोडांवर सीतेची वेणी हे ऑर्किड फुलू लागते. तीही बांडगूळच, असा समज पक्का बसलेला असल्याने फुलोऱ्यासकट कितीतरी रोपे कोयत्याखाली जातात. ज्या फुलाला आसाम आणि अरुणाचल प्रदेशाने राज्यफुलाचा मान दिला, ते आपल्याकडे तण म्हणून तुटते, ही फार वाईट गोष्ट आहे. त्यामुळे झाडावर चढण्याआधी नेमके काय तोडायचे ते ओळखून घ्या.

बांडगूळ फांदीला जिथे जोडलेले असते तिथे गाठ येते. त्याची मुळे साल फोडून लाकडात शिरतात आणि झाडाचे पाणी व क्षार ओढतात, म्हणून गाठीच्या पुढची फांदी हळूहळू वाळते. सीतेची वेणी हे ऑर्किड. तिची जाडजूड मुळे सालीच्या वरून पसरतात, आत जात नाहीत. कोरडी असताना ती रुपेरी पांढरी दिसतात, पाणी पडले की थोड्याच वेळात हिरवट होतात. मुळांवरचे सच्छिद्र आवरण पाऊस आणि दव टिपून धरते. सालीच्या भेगांत साठलेली धूळ आणि कुजलेला पाला एवढ्यावर तिचे पोषण चालते. झाडाकडून तिला फक्त आधार हवा असतो. पाने जाड, पट्ट्यासारखी, मधोमध पन्हळ असलेली, टोकाशी कुरतडल्यासारखी असतात. फुलोरा खाली लोंबतो, फिकट गुलाबी-पांढऱ्या फुलांनी गच्च भरलेला, फुलांवर जांभळे ठिपके. एवढे पाहिले तर चूक होणार नाही. शास्त्रीय नाव ऱ्हिंकोस्टायलिस रेटुसा. काही भागांत हिला द्रौपदीची वेणीही म्हणतात.

याच झाडांवर डेंड्रोबियम जातीची ऑर्किडेही असतात. कोरड्या दिवसांत त्यांची पाने गळतात आणि नुसत्या वाळल्यासारख्या दिसणाऱ्या कांड्या उरतात. त्या मेलेल्या नसतात, पावसाबरोबर पुन्हा फुटतात. त्यांनाही हात लावू नका.

आता पडलेल्या रोपांबद्दल. वळवाच्या वाऱ्यात आणि मृगाच्या पहिल्या पावसात जुन्या फांद्या मोडतात आणि त्यांच्यावरची ऑर्किडे जमिनीवर येतात. जमिनीवर राहिलेले रोप बहुधा त्याच पावसाळ्यात कुजते. आपल्या शेतात किंवा बांधावर असे रोप दिसले तर लगेच उचला. मुळे सालीपासून ओढून सुटी करू नका. लहान करवतीने फांदीचा तेवढा तुकडा किंवा सालीचा पापुद्रा रोपासकट काढा. ओढून काढताना तुटलेले मूळ पुन्हा जुळत नाही, त्याच्या जागी नवे यायला हंगाम जातो. बांधावरचे झाड तोडणे टळतच नसेल, तर तोडीची परवानगी हातात आली की आधी वर चढून ऑर्किडे उतरवा, मग कुऱ्हाड लावा.

उचललेले रोप सावलीत, वारा खेळेल अशा जागी एक-दोन दिवस टांगा. मुळे बोटांनी दाबून पाहा. टणक लागली ती जिवंत, पोकळ आणि कागदी लागली ती मेलेली. मेलेली मुळे ज्योतीवर तापवून थंड केलेल्या पात्याने कापा. एका रोपाचे पाते दुसऱ्याला तसेच लावू नका, विषाणूजन्य रोग असेच पसरतात.

उचललेले रोप नव्या झाडावर बांधण्यासाठी मृग आणि आर्द्रा ही नक्षत्रे सर्वांत चांगली. या काळात मुळांना हिरवी कोवळी टोके फुटतात आणि पाऊस संपेपर्यंत ती नव्या सालीला घट्ट धरतात. हेच काम दिवाळीनंतर केले तर रोपाला धरायला वेळ मिळत नाही आणि उन्हाळा त्याला सुकवतो.

झाड खरबरीत, टिकाऊ सालीचे निवडा. आंबा, जांभूळ, फणस, ऐन, हिरडा उत्तम. ज्यांची साल पापुद्र्यांनी गळते ती झाडे टाळा, म्हणजे पेरू, अर्जुन, नाणा, निलगिरी; सालीबरोबर रोपही खाली येते. पांगारा आणि शेवगा यांच्या फांद्या ठिसूळ असतात. खोडाची पूर्व किंवा ईशान्य बाजू घ्या. सकाळचे कोवळे ऊन मिळते, दुपारचे टळते आणि नैर्ऋत्येकडून येणारा पावसाचा मारा थेट बसत नाही. उंची डोक्याच्या वर असावी, म्हणजे शेळ्या पोहोचत नाहीत आणि वाळक्या गवताला आग लागली तरी झळ कमी बसते. प्रकाश बरोबर आहे की नाही हे पुढे पानेच सांगतात. गर्द हिरवी आणि लांबट झाली तर सावली जास्त, फूल येणार नाही. लालसर, जांभळट झाक आली तर ऊन जास्त. किंचित पिवळसर हिरवा रंग योग्य.

बांधताना मुळे सालीवर मोकळी पसरा आणि रोपाचा शेंडा थोडा बाहेर, खालच्या बाजूला झुकलेला ठेवा. हे अगदी महत्त्वाचे. शेंडा सरळ वर राहिला तर पानांच्या बेचक्यात पाणी साचते, गाभा कुजतो आणि एकाच शेंड्याने वाढणारे हे रोप बहुतेक वेळा तिथेच संपते. बांधायला सुतळी, काथ्याची दोरी किंवा जुन्या सुती कापडाची पट्टी घ्या. मुळांनी धरेपर्यंत ती टिकते, मग आपोआप कुजून जाते. तार नको, ती तापते, सालीत रुतते आणि काढायची राहून जाते. रोप हलणार नाही इतके घट्ट बांधा, कारण वाऱ्याने हलत राहिले तर मुळांची टोके घासून मरतात. मुळांवर माती, शेण, चिखल काहीही लावू नका. चांगल्या भावनेने टाकलेल्या ओंजळभर शेणखताने मुळे गुदमरतात.

पाऊस चालू असताना काहीच करावे लागत नाही. चार-पाच दिवसांची उघडीप पडली तर नव्याने बांधलेल्या रोपांवर सकाळी पाणी फवारा, म्हणजे संध्याकाळपर्यंत गाभा कोरडा होतो. हस्ताचा पाऊस ओसरल्यावर पहिल्या वर्षी दोन-तीन दिवसांआड, थंडीत त्याहून कमी, आणि फाल्गुनापासून पुन्हा वाढवत न्या. विहिरीचे किंवा बोअरचे पाणी खारे असेल तर मुळांवर पांढरा थर बसतो. पावसाचे पाणी साठवता आले तर तेच वापरा. दुसऱ्या वर्षापासून झाडावरच्या रोपाला पाण्याची गरज राहत नाही, खताचीही नाही.

झाड नसेल तर लाकडी पट्ट्यांच्या टांगत्या टोपलीत कोळशाचे आणि विटांचे मोठे तुकडे भरून रोप लावता येते. पन्नास टक्के सावलीची जाळी पुरते. अशा रोपांना जून ते सप्टेंबरमध्ये पंधरवड्यातून एकदा 19:19:19 हे विद्राव्य खत लिटरला अर्धा ग्रॅम या प्रमाणात, मुळे आधी साध्या पाण्याने भिजवून, फवारा. थंडीत बंद. टोपली जुनी झाली तरी रोप उपटून नवीन टोपलीत घालू नका, जुनी टोपली तशीच मोठ्या टोपलीत ठेवा. या ऑर्किडला मुळे हललेली अजिबात चालत नाहीत.

पावसाळ्यात खरा शत्रू गोगलगाय. कोवळी मुळे आणि कळ्या ती एका रात्रीत फस्त करते. बॅटरी घेऊन रात्री वेचणे हाच खात्रीचा उपाय. खवले कीड आणि पिठ्या ढेकूण दिसल्यास साबणाच्या सौम्य पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पाने पुसा. गाभ्यात काळी, पाणचट कूज दिसली तर तेवढा भाग निरोगी उतीपर्यंत कापा आणि रोप पावसाच्या आड घ्या. फळझाडाच्या खोडाला बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावता तेव्हा ऑर्किडच्या मुळांपासून वीतभर तरी अंतर सोडा; तांब्याचा थेट लेप त्यांना सोसत नाही. खोडावरचे शेवाळ आणि दगडफूलही खरवडू नका, त्यांच्यामुळे सालीत ओल टिकते.

फुले गळल्यावर एखाद-दुसरी शेंग धरते. ती पिकायला काही महिने लागतात, तेव्हा तोडू नका. आतले बी धुळीसारखे बारीक असते आणि त्यात अन्नसाठा जवळपास नसतोच. योग्य बुरशीची साथ मिळाली तरच ते रुजते. ही गोष्ट फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ नोएल बर्नार्ड यांनी 1899 मध्ये दाखवून दिली. शेंगेतल्या असंख्य बियांपैकी अगदी थोड्यांनाच ती साथ आणि योग्य साल मिळते, त्यातून फुलणारे रोप तयार व्हायला बरीच वर्षे जातात. रानातून ओरबाडलेल्या रोपाची भरपाई म्हणूनच सहज होत नाही. बी घरी पेरून पाहण्यात अर्थ नाही. 1922 मध्ये अमेरिकेत लुइस नडसन यांनी साखर घातलेल्या निर्जंतुक माध्यमावर, बुरशीशिवाय, बी रुजवण्याची रीत दिली. आजची प्रयोगशाळेतली रोपे त्याच वाटेने येतात. सिक्कीममध्ये पाकयोंग येथे भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे ऑर्किड संशोधन केंद्र 1996 पासून काम करते आहे.

लागवड वाढवायची असेल तर अशी प्रयोगशाळेत वाढवलेली रोपेच घ्या. ती एकसारख्या आकाराची, स्वच्छ पानांची, लहान जाळीच्या कुंडीत असतात. तुटकी जुनी मुळे, मुळांना चिकटलेले सालीचे तुकडे, डागाळलेली पाने आणि लहानमोठी सरमिसळ दिसली तर माल रानातला समजा आणि घेऊ नका. गिऱ्हाईक थांबले तरच ही तोड थांबेल. राखीव जंगलातून रोप आणणे भारतीय वन अधिनियम, 1927 नुसार गुन्हा आहे, आणि जंगलात खाली पडलेली फांदीसुद्धा वनोपजच. तिथे पडलेले रोप दिसले तर वनरक्षकांना कळवा आणि त्यांच्या संमतीने जवळच्याच झाडावर बांधा. सर्व ऑर्किडांचा आंतरराष्ट्रीय व्यापारही साइट्स या, धोक्यातल्या रानवनस्पती आणि प्राण्यांच्या व्यापारावरच्या कराराखाली नियंत्रित आहे.

जमिनीत कंद असलेली रानऑर्किडे, म्हणजे सड्यांवर आणि पठारांवर पावसाळ्यात पांढरी फुले काढणाऱ्या हॅबेनारियाच्या जाती, या सल्ल्यात येत नाहीत. त्यांचा कंद तिथल्या माती-बुरशीशी इतका बांधलेला असतो की उपटून बागेत लावलेला सहसा टिकत नाही. आपल्या सड्यावर ती असतील तर ज्येष्ठ ते भाद्रपद तेवढ्या तुकड्यात गुरे सोडू नका आणि तणनाशक मारू नका.

झाडावर बांधलेली रोपे आश्विनात एकदा वर चढून पाहा. मुळे सालीला चिकटली असतील तर दोरी कुजेपर्यंत तशीच राहू द्या. सैल वाटली तर दुसरी पट्टी बांधा आणि त्या रोपांवर खूण करा, कारण येत्या उन्हाळ्यात पाणी आधी त्यांना द्यावे लागेल. पहिल्या वर्षी फूल आले नाही तरी जागा बदलू नका. मुळे वाढत असतील आणि वरून नवे पान निघत असेल तर रोप रुजले आहे.