आधी मीटर, मग प्लग: जुना स्पेक्ट्रम दुरुस्त करताना

जुना कॉम्प्युटर हाती आला की पहिली खाज सुटते ती प्लग लावून बघायची. मलाही सुटली होती. ४८ के (म्हणजे ४८ किलोबाइट मेमरी) चा झेडएक्स स्पेक्ट्रम, म्हणजे ब्रिटनच्या सिंक्लेअर कंपनीचं १९८२ सालचं घरगुती यंत्र. ९ व्होल्ट लिहिलेला एक अ‍ॅडॉप्टर घरात पडून होता, तो मी बिनधास्त खुपसला. दोन सेकंदांत करपल्याचा वास. स्पेक्ट्रमच्या प्लगची आतली बाजू ऋण आणि बाहेरची धन असते. आजचे बहुतेक अ‍ॅडॉप्टर नेमके याच्या उलट. एवढं बघायला मला अर्धं मिनिट लागलं असतं.

म्हणून आता माझा भाचा शेजारी बसून "मावशी, लावू का प्लग?" म्हणून कितीही भुणभुणला, तरी मी आधी मीटर (व्होल्टेज मोजणारं मल्टिमीटर) काढते. अ‍ॅडॉप्टर ९ व्होल्टचा, १.४ अँपिअरचा हवा. मूळ अ‍ॅडॉप्टर बिनभाराचा मोजला तर ९ पेक्षा बराच जास्त आकडा दिसतो. त्याने दचकू नका, तो रेग्युलेटेड नाही, म्हणजे व्होल्टेज एका आकड्यावर स्थिर ठेवत नाही. पाच व्होल्ट करण्याचं काम आतल्या ७८०५ या रेग्युलेटर चिपचं. तो तापतो, तापू द्या.

खोक्याच्या खालचे पाच स्क्रू काढले की वरचं झाकण सुटतं. पण झटक्यात उचलू नका! कीबोर्डच्या दोन पातळ पट्ट्या पाटीवरच्या (सर्किट बोर्डवरच्या) सॉकेटमध्ये अडकलेल्या असतात, आणि चाळीस वर्षांत त्या पापडासारख्या झालेल्या असतात. सरळ वर ओढायच्या, वाकवायच्या नाहीत. तरीही मोडल्या तर नवीन मेम्ब्रेन (बटणांखालचा, याच पट्ट्या असलेला पातळ पडदा) बनवणारे आजही आहेत. कात्रीने मोडकी टोकं कापून काम भागवणं हा तात्पुरता उपाय.

आता मुख्य गोष्ट. खालची १६ के मेमरी म्हणजे ४११६ जातीच्या आठ चिप. त्यांना तीन व्होल्टेज लागतात, आणि इथेच स्पेक्ट्रमचं सगळं दुखणं आहे. कोणत्याही एका चिपवर मोजा: पहिल्या पायावर (पिनवर) उणे ५, आठव्यावर १२, नवव्यावर ५ आणि सोळाव्यावर ग्राउंड. काळी तार सोळाव्यावर धरा, लाल तार एकेका पायाला लावा. हात स्थिर नसेल तर तारेच्या टोकावर इन्शुलेशन टेप गुंडाळून फक्त अणी उघडी ठेवा. एक घसरण आणि १२ व्होल्ट भलत्याच जागी.

उणे ५ नाहीसं झालं आणि १२ चालू राहिलं, तर ४११६ तापून मरतात. माझ्या त्या पहिल्या यंत्रात १२ आणि उणे ५ दोन्ही गायब होती. ही दोन्ही तयार करणारं सर्किट टीआर४ नावाच्या ट्रान्झिस्टरवर चालतं, आणि उलट पोलॅरिटीने तोच गेला होता. मीटरच्या डायोड सेटिंगवर तो तपासता येतो. तो बदलला, व्होल्टेज परत आली, पण पडद्यावर अजून नुसता गोंधळ. मग प्रत्येक चिपला बोट लावून बघितलं. सात कोमट, एक चटका देणारी. ती मेलेली.

मला इथे एक खोड दिसते लोकांची: पडदा बिघडला की सरसकट आठही चिप उपटायच्या. तसं केलंत तर पाटीचे तांब्याचे पट्टे उचकटतात, आणि मग मूळ दोषापेक्षा आपला दोष मोठा होतो. एकच चिप काढायची, तीही तिचे पाय आधी कापून. एकेक पाय सोल्डरिंग आयर्नने गरम करून चिमट्याने ओढायचा. जुन्या सोल्डरवर थोडं नवं सोल्डर घातलं की ते लवकर वितळतं, ही युक्ती विचित्र वाटते पण चालते. जागी सॉकेट बसवा. पुढच्या वेळी आपणच आपले आभार मानाल.

सगळं ठीक असेल तर यंत्र सुरू होताना पडदा काळा होतो, लाल उभ्या पट्ट्या क्षणभर दिसतात आणि मग खाली १९८२ चा कॉपीराइट संदेश येतो.

विस्ताराचं बोलायचं तर १६ के चा ४८ के करणं हे माझ्या मते सर्वांत समाधानाचं काम. इश्यू २ आणि ३ च्या (म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या आवृत्तीच्या) पाट्यांवर त्यासाठी जागा मोकळ्या असतात: आठ मेमरी चिप, शिवाय दोन ७४एलएस१५७, एक ७४एलएस३२ आणि एक ७४एलएस०० या लॉजिक चिप. सिंक्लेअरने इथे अर्ध्या नापास ठरलेल्या ६४ किलोबिटच्या चिप वापरल्या होत्या, फक्त चांगला अर्धा भाग वापरायचा. काटकसर असावी तर अशी. आता सरळ ४१६४ या पूर्ण ६४ किलोबिटच्या चिप घाला. कोणता अर्धा भाग घ्यायचा ते पाटीवरची छोटी वायर ठरवते, ती आधी बघा. नंतर यंत्राच्या बेसिक भाषेत प्रिंट पीक २३७३२ + २५६ * पीक २३७३३ (PRINT PEEK 23732 + 256 * PEEK 23733) हे टाइप करा. ६५५३५ आलं तर पूर्ण ४८ के सापडली. ३२७६७ आलं तर यंत्राला अजून १६ च दिसतेय, मग वरच्या मेमरीच्या चिप आणि सांधे पुन्हा तपासा.

यंत्राच्या मागच्या जोडणीच्या पट्टीवर जॉयस्टिक किंवा एसडी कार्डाचं इंटरफेस लावता येतं, पण वीज बंद असतानाच. तिथे ५, ९, १२ आणि उणे ५ व्होल्ट सगळे एकमेकांशेजारी नांदतात. चालू यंत्रात इंटरफेस तिरपं घातलं की टीआर४ पुन्हा जातो. मला हे ठाऊक होतं, तरीही एकदा घातलं. भाच्याने त्यावर कागदाची चिठ्ठी चिकटवली आहे: "मावशी, आधी प्लग काढ."