गळ टाकायला जोडीदार निवडताना

मासेमारीसाठी सोबती शोधताना बहुतेक जण समोरच्याला मासे किती मिळतात याची चौकशी करतात. वास्तविक तो मासे धरतो कसे, हे आधी विचारावे. सांगलीजवळ कृष्णाकाठी रोहू, कटला किंवा मृगळासाठी बसणारा माणूस कणकेचा किंवा पेंडीचा गोळा गळाला लावून, ठरलेल्या जागी चारा टाकून, तासन्‌तास पाण्यावर तरंगणाऱ्या बुचावर नजर ठेवतो. मरळ या शिकारी माशाच्या मागे लागलेला मात्र पाणगवताच्या कडेकडेने चालत आमिषाचा रबरी बेडूक फेकत आणि ओढत पुढे सरकत असतो. दोन्ही पद्धती आपापल्या जागी योग्य आहेत, परंतु असे दोघे एकत्र गेले की पहिल्याला दुसऱ्याची वर्दळ खुपते आणि दुसऱ्याला पहिल्याचे बसणे सोसवत नाही. म्हणून पद्धत जुळल्याशिवाय पुढचे काही ठरवू नये.

माणूस पारखायचा तर गळ आणि तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) विकणाऱ्या दुकानातील गप्पांपेक्षा नदीचा काठ बरा. हरिपूरला, जिथे वारणा कृष्णेला मिळते, किंवा एखाद्या बंधाऱ्याच्या खाली सायंकाळी थोडा वेळ उभे राहावे आणि कोणाचा गळ तळाशी अडकला की तो काय करतो, एवढेच पाहावे. काही जण लगेच विजार दुमडून पाण्यात उतरतात. पलूस, वाळवा आणि मिरज तालुक्यांतील कृष्णेत मगरी आहेत, हे ठाऊक असूनही एका गळासाठी कमरेएवढ्या पाण्यात जाणारा माणूस सोबतीला नको. काठावरूनच दोन-तीन बाजूंनी ओढून पाहणारा, नाही सुटला तर तंगूस तोडणारा आणि हाती आलेला तुकडा गुंडाळून खिशात ठेवणारा माणूस दिसला, तर त्याच्याशी ओळख अवश्य वाढवावी. काठावर टाकलेले तंगूस पक्ष्यांच्या आणि गुरांच्या पायांत अडकते, याची जाण त्याला आहे.

ओळख झाली की वारांचा विषय आधी काढावा. सोमवार, गुरुवार, एकादशी किंवा संपूर्ण श्रावण पाळणाऱ्या घरात त्या दिवशी मासळी नेता येत नाही, आणि अशा वेळी कोणी मासे सोडून देतो, तर कोणी शेजाऱ्याला देतो. वाटा समसमान की ज्याच्या गळाला लागला त्याचा, पेट्रोल कोणाचे आणि चारा कोणी आणायचा, हेही निघण्यापूर्वीच बोलून घ्यावे. काठावर हा विषय निघाला की तो वादातच संपतो. मरळीबाबत एक अट मी स्वतः घालीन. पिलांचा तांबूस थवा पाण्याच्या पृष्ठभागाशी दिसला की त्याखाली राखणीला मोठी मरळ असते, आणि ती चिडून गळावर सहज झेपावते; ती उचलली की पिले इतर माशांच्या तोंडी जातात. तिथे गळ न टाकण्याचे मान्य नसेल, तर त्या माणसाशी माझे जमणार नाही.

धोम, कण्हेर यांसारख्या धरणांवर जायचे असेल, तर जलाशयातील मासेमारीचा ठेका कोणाकडे आहे, हे विचारून परवानगी घेण्याची तयारी दोघांचीही हवी. शिवसागराचा, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाचा, बेत आखणाऱ्याला, त्या जलाशयाचा मोठा भाग कोयना अभयारण्यात येतो, याची आठवण करून द्यावी.

पावसाळ्यात सांगलीत ऊन असते आणि कोयना-महाबळेश्वरकडच्या पावसाने किंवा धरणातून सोडलेल्या विसर्गाने कृष्णा चढत असते. त्यामुळे सोबती विसर्गाची बातमी पाहून निघतो की निघाल्यावर पाहू म्हणतो, हे पहिल्याच फोनवर लक्षात येते.

पहिली खेप घराजवळची आणि अर्ध्या दिवसाची ठेवावी, परतण्याची वेळ आधीच ठरवावी. त्या वेळेच्या सुमारास मासा गळाला लागू लागला तर कस लागतो: दोघांपैकी एकाने "आता आवरू या" म्हटल्यावर दुसरा कुरकुरत का होईना गळ गुंडाळत असेल, तर पुढच्या रविवारी धोमचा बेत ठरवायला हरकत नाही.